सिम दोन, टॉवर एकच

फायबर तुटलं की उपकरणाची माहिती मोबाइल सिमवरून जावी, याला सेल्युलर बॅकअप म्हणतात. तो का फसतो आणि कसा लावायचा, ते बघू. ८ जुलै २०२२ ला कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचं जाळं बसलं. घरचं इंटरनेट, ऑफिसच्या लाइनी, मोबाइल, सगळं एकाच वेळी. ग्राहक एक कोटी वीस लाखांहून जास्त. देखभालीच्या कामात राउटरवरचा एक फिल्टर निघाला, मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आदळला आणि ते कोसळले. तारेच्या आणि बिनतारी सेवेचा गाभा एकच होता, म्हणून दोन्ही गेल्या. ज्यांच्याकडे फायबरही रॉजर्सचं आणि बॅकअपचं सिमही रॉजर्सचं, त्यांचा बॅकअप बिलातच राहिला. त्यातली खरी गोम मात्र पुढे आहे. टॉवर चालू होते. त्यामुळे कित्येक फोन ‘रेंज आहे’ म्हणत त्याच जाळ्याला चिकटून बसले आणि आणीबाणीचा ९११ लावतानाही दुसऱ्या कंपनीकडे सरकले नाहीत.

आपल्याकडे ५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबई सर्कलमध्ये जिओ कित्येक तास बंद होतं. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण सगळीकडे एकच रड.

रक्तपेढीचा फ्रिज, लसींचा आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर, केमिकल कारखान्याच्या धुराड्यावरचा अ‍ॅनालायझर किंवा पाणीपुरवठ्याच्या पंपाचा पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा कंट्रोलर), यातल्या कशालाही सेल्युलर बॅकअप लावताना पहिला प्रश्न ‘राउटर कुठला घेऊ’ हा नसतो. फायबर ज्या कारणाने जाईल, त्याच कारणाने सिमही जाईल का, हा असतो. जेसीबीने रस्ता खणला की फायबर तुटतं. त्याच चरातून जवळच्या टॉवरचं फायबर गेलेलं असेल, तर तुमचं सिमही त्याच क्षणी मुकं होतं.

दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घेतली म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. एअरटेल आणि व्हीआय या दोघी इंडस टॉवर्स या टॉवर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या भाडेकरू. एमआयडीसीच्या टोकाला उभा असलेला एकुलता टॉवर बहुधा दोघींचा असतो: एकच मीटर, एकच बॅटरी बँक, एकच डिझेल जनरेटर. जोडी लावायचीच तर एकीकडे जिओ आणि दुसरीकडे एअरटेल किंवा व्हीआय, असं आमचं साधारण मत. तरी जागेवर जाऊन मोजल्याशिवाय ते पक्कं करू नये. राउटरच्या स्टेटस पानावर सेल आयडी, म्हणजे सिम टॉवरच्या कुठल्या सेलला जोडलंय त्याचा क्रमांक, दिसतो. दोन्ही सिमं आळीपाळीने टाकून तो लिहून घ्या आणि गच्चीवर जाऊन कुठले टॉवर कुठल्या दिशेला आहेत ते बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि जवळपास कुणीच करत नाही.

आता मोजणी. सिग्नलच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका. आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे, डेसिबल म्हणजे डीबीमध्ये) बघा. आरएसआरपी उणे ९० पेक्षा वर असेल तर निर्धास्त, उणे १०० ते ११० म्हणजे तब्येत नाजूक, उणे ११५ च्या खाली गेलं तर त्याला बॅकअप म्हणू नये. एसआयएनआर १० च्या वर हवा. आरएसआरपी चांगला आणि एसआयएनआर शून्याच्या आसपास असेल तर दोन-तीन टॉवर एकमेकांच्या आवाजात बोलतायत असं समजा. तिथे मोठा अँटेना उपयोगाचा नाही, दिशा धरणारा लागतो.

लोखंडी पॅनेलच्या पोटात राउटर आणि त्याचे चिमुकले अँटेनेही आतच, हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की ते चुकीचं वाटेनासं झालंय. अँटेना बाहेर काढायला सांगितलं की इलेक्ट्रिशियन दहा मीटर आरजी-५८ केबल ओढतो. या केबलमध्ये १८००-२१०० मेगाहर्ट्झला मीटरमागे जवळजवळ १ डीबी जातो. म्हणजे ५ डीबीच्या अँटेनाची सगळी कमाई केबलच खाते आणि वर आणखी तितकीच उधारी राहते. एलएमआर-४०० मध्ये मीटरमागे साधारण ०.२ डीबी जातो, पण ती जाड, कडक आणि महाग. त्यापेक्षा राउटरच गच्चीजवळ हवाबंद डब्यात बसवा, खाली इथरनेट आणा आणि वीजही त्याच केबलमधून द्या. इथरनेट १०० मीटरपर्यंत कुरकुरत नाही. रेडिओलॉजी विभाग बऱ्याच ठिकाणी तळघरात असतो, तिथे तर याला पर्यायच नाही.

अँटेना दोन असतात ते शोभेला नाही. मेन आणि ऑक्स (मुख्य आणि सहायक) दोन्ही सॉकेटांना अँटेना जोडा आणि त्यांच्यात किमान १८-२० सेंटिमीटर अंतर ठेवा. जीपीएसचं सॉकेटही त्याच आकाराचं असतं आणि एक अँटेना हमखास तिथे जातो. गच्चीवरच्या जोडाला सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप गुंडाळा आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी जोडात न जाता झोळातून ठिबकेल. कोकणात पहिल्या पावसाळ्यानंतर सिग्नल १०-१५ डीबीने पडला तर आधी हा जोड उघडा.

बँडचंही, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचंही, बघायला हवं. जिओचं फोर-जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ भिंती भेदून आत येतो, २३०० चा बँड ४० काचेपाशीच दमतो. बीएसएनएलचं फोर-जी ७०० मेगाहर्ट्झच्या बँड २८ वर आणि २१०० वर आहे, आणि युरोपसाठी बनवलेल्या बऱ्याच मॉडेममध्ये बँड २८ नसतोच. अमेरिकेसाठीचा राउटर स्वस्त मिळाला म्हणून घेतला तर इथे तो बहुधा पेपरवेट म्हणूनच वापरावा लागेल. जुने टू-जी लॉगर (तापमानासारख्या नोंदी ठेवून पाठवणारी उपकरणं) अजून भरपूर आहेत. त्यात जिओचं सिम टाकून ‘नेटवर्क शोधतोय’ बघत बसण्यात अर्थ नाही, जिओकडे टू-जी नाहीच.

‘ड्युअल सिम’ या शब्दाने बरीच फसगत होते. ड्युअल सिम राउटरमध्ये बहुतेक वेळा मोडेम एकच असतो. पहिलं सिम सोडायचं, दुसऱ्यावर नोंदणी करायची, एपीएन (कंपनीच्या डेटा जाळ्याच्या दाराचं नाव) लावून पत्ता मिळवायचा, यात ३० ते ९० सेकंद जातात. ड्युअल मोडेम राउटरमध्ये, उदाहरणार्थ टेल्टोनिकाच्या आरयूटीएक्स-१२ मध्ये, दोन्ही मोडेम कायम जोडलेले राहतात आणि बदल काही सेकंदांत होतो. किंमत अर्थातच वाढते. लसी २ ते ८ अंशांत, लाल रक्तपेशी २ ते ६ अंशांत ठेवायच्या असतात, आणि बंद दाराच्या फ्रिजचं तापमान दीड मिनिटात बिघडत नाही. तिथे एक मोडेम पुरे. आयईसी-१०४ या प्रोटोकॉलवर चालणाऱ्या स्काडाला (दूरची यंत्रं बघणाऱ्या-चालवणाऱ्या प्रणालीला) मात्र चटकन कळतं: नेहमीच्या सेटिंगमध्ये २० सेकंद शांतता झाली की चाचणी फ्रेम जाते आणि १५ सेकंदांत उत्तर नाही आलं की जोडणी मेली असं धरलं जातं. तिथे दुसऱ्या मोडेमचे पैसे वसूल होतात.

आणि काही गोष्टी सेल्युलरवर टाकायच्याच नसतात. पेशंट मॉनिटरचा अलार्म खाटेपाशीच वाजला पाहिजे, मशीनचा इंटरलॉक (धोका दिसताच मशीन थांबवणारी सोय) पीएलसीतच राहिला पाहिजे. सिमचं काम दूरच्या माणसाला कळवण्याचं. जीव वाचवण्याचा निर्णय त्याच्या भरवशावर ठेवणारी रचना आम्ही तरी मंजूर करणार नाही.

लाइन गेली हे राउटरला कळतं कसं, यावर आता जरा रेंगाळतो, कारण बहुतेक बॅकअप इथेच मरतात. फायबर बाहेर तुटलं तरी ओएनटी (आत येणारं फायबर जिथे संपतं तो डबा) चालू असतो, इथरनेटचा दिवा हिरवा असतो, राउटरच्या मते सगळं ठीक. म्हणून पिंग (एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं) लावतात, आणि लावतात फक्त गूगलच्या ८.८.८.८ ला. गूगल पोहोचतंय आणि तुमचा सर्व्हर पोहोचत नाहीये, अशा वेळी राउटर समाधानाने बसून राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तीन पत्ते द्या: एक सार्वजनिक, एक दुसऱ्या कंपनीचा सार्वजनिक, एक तुमचा स्वतःचा सर्व्हर. तुमचा सर्व्हर आणि बाकी दोहोंपैकी एक लागला तरच लाइन जिवंत. दर ५ सेकंदांनी पिंग, सलग ३ चुकले की बदल. परत येताना मात्र घाई नको: फायबर सलग पाच मिनिटं नीट चाललं तरच परत. नाहीतर लटकणाऱ्या फायबरबरोबर राउटर रात्रभर झोके घेतो.

हाच पहारा सिमवरही लावायचा असतो, कारण रॉजर्ससारखी वेळ आली तर मोडेम ‘नोंदणी झाली’ एवढंच सांगेल. फक्त त्याचा डेटा मोजा. एक पिंग जाऊन येऊन १६८ बाइट. दर ५ सेकंदांनी एका पत्त्याला दिवसाला २.९ एमबी, तीन पत्त्यांना जवळजवळ ९ एमबी. सिम निष्क्रिय उभं असताना हे अंतर एका मिनिटावर न्या.

समजा राउटरने २० सेकंदांत मार्ग बदलला. तरी डेटा पंधरा मिनिटं येत नाही. का? उपकरणाचं जुनं टीसीपी कनेक्शन अजून मेलेल्या वाटेवर पुन्हा पुन्हा पाठवतंय. लिनक्समध्ये ते सोडून देईपर्यंत मूळ सेटिंगने १५ मिनिटांहून जास्त जातात. उपाय दोन्ही टोकांना करायचे. एमक्यूटीटी (उपकरणांचे निरोप पोहोचवणारा प्रोटोकॉल) असेल तर कीपअलाइव्ह, म्हणजे ‘मी आहे’ एवढंच सांगणारं पाकीट, ३० सेकंदांवर ठेवा. आणि राउटरवर बदल होताना कनेक्शनच्या यादीतली (कॉनट्रॅकमधली) जुनी नोंद पुसा. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये लाइन बदलणारं एमवॅन-३ असतं, त्यात ‘फ्लश कॉनट्रॅक’ नावाची सोय आहे.

वायरगार्ड हे व्हीपीएन वापरणाऱ्यांना याचा वेगळाच चिमटा बसतो. सीजीनॅटच्या (कंपनी अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देते त्या सोयीच्या) मागून व्हीपीएनचा बोगदा जिवंत ठेवायला दर २५ सेकंदांनी कीपअलाइव्ह जातो. तेच पाकीट कॉनट्रॅकमधली जुनी नोंदही जिवंत ठेवतं, त्यामुळे ती कधी कालबाह्य होत नाही आणि बोगदा मेलेल्या फायबरला धरून बसतो. उलट दिशेनेही हेच. फायबर परत आलं, सगळे खूश, आणि व्हीपीएन मात्र गुपचूप सिमवरूनच चालू. महिनाअखेरीला डेटा संपतो तेव्हा पत्ता लागतो. दोन्ही बदलांवर नोंद पुसली की दुखणं जातं. एमटीयूही (एका पाकिटाचा कमाल आकार) बघून घ्या: पिंग जातं, लॉगिन होतं आणि मोठी फाइल मात्र अडकते, ही एमटीयूची खूण. बोगद्याचा १२८० ठेवा आणि एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपीची पाकिटं त्यात मावतील इतकी लहान ठेवणं) चालू करा.

सीजीनॅटमुळे बाहेरून आत येता येत नाही, म्हणून ‘पोर्ट फॉरवर्ड’ विसरा. एकतर आतून बाहेर जाणारं व्हीपीएन, नाहीतर कंपनीकडून खासगी एपीएन आणि स्थिर पत्ता. एम-टू-एम (यंत्रांसाठीच्या) सिमचा नंबर १३ आकडी असतो आणि त्यावर बंधनं असतात: डेटा ठरलेल्या एपीएनवरूनच, एसएमएस ठरलेल्या नंबरांनाच. त्यामुळे राउटरच्या एसएमएस अलार्मसाठी ड्युटीवरच्या माणसाचा नंबर बदलला की सिमच्या यादीतही बदलावा लागतो. आणि नेहमीच्या सिमचा एपीएन टाकला तर नोंदणी होते, डेटा येत नाही.

त्याऐवजी साधं प्रीपेड सिम टाकणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ९० दिवस वापरच झाला नाही तर ते बंद होऊ शकतं. बॅकअप सिम वापरलं जात नाही हेच तर त्याचं काम! शिवाय दिवसाचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. फ्रिजच्या तापमानाला तेवढा भरपूर आहे, पण त्याच राउटरवर रिसेप्शनचा कॉम्प्युटर विंडोज अपडेट घेत असेल आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर चित्रं पाठवत असेल तर फ्रिजच्या वाट्याला काही उरत नाही. हिशोब करून बघा: दर १० सेकंदांनी २ केबी म्हणजे दिवसाला १७ एमबी, वरखर्च धरून ३० एमबी. एक सीटी स्टडी शेकडो एमबीची. म्हणून सिमवर गेल्यावर फक्त यादीतल्या पत्त्यांना वाट, बाकी सगळं फायरवॉलवर बंद. सीटीचे फोटो फायबर येईपर्यंत थांबतील.

वीज. लाइट गेल्यावर राउटरही जात असेल तर वरचं सगळं व्यर्थ. सेल्युलर राउटर आणि गेटवे मिळून साधारण १० वॉट. १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास, पण लेड-अ‍ॅसिडमधून निम्मेच घ्यावेत, म्हणजे चार तास. २४ तास हवे असतील तर लेड-अ‍ॅसिडमध्ये ४० एएच किंवा लिथियम फेरो फॉस्फेटमध्ये २४ एएच. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत वीजही कित्येक दिवस गेली आणि टॉवरही. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास पुरतात, पुढे डिझेल पोहोचवायला रस्ता लागतो. अशा वेळी उपयोगी पडतं ते लॉगरच्या पोटातलं साठवण. दर मिनिटाची वेळेसह नोंद महिनाभर राहील इतकी मेमरी घ्या, घड्याळाला स्वतंत्र सेल असू द्या आणि दारावर भोंगा. जोडणी परत आली की सगळे लॉगर एकदम तुंबलेला माल ओततात आणि सर्व्हर आडवा होतो, म्हणून प्रत्येकाला ० ते ३०० सेकंदांचा यादृच्छिक उशीर द्या. प्रदूषण मंडळाच्या सर्व्हरकडे माहिती पाठवणाऱ्या कारखान्यांना तर मधली पोकळी भरून देणं भागच असतं.

चाचणी महिन्यातून एकदा, आणि राउटरमधली केबल उपटून नव्हे. ती परीक्षा कुठलाही राउटर पास होतो. ओएनटीच्या मागचं फायबर काढा, दिवा हिरवा राहू द्या, घड्याळ लावा. सर्व्हरवर शेवटची नोंद आणि पुढची नोंद यातलं अंतर लिहा. दहा मिनिटं सिमवर चालू द्या, फायबर लावा, व्हीपीएन खरंच परतलं का ते सिमच्या डेटा मोजणीवर बघा. मग पहिलं सिम बंद करून दुसऱ्यावर हेच. तारीख, सेकंद आणि दोन्ही सिमांचा आरएसआरपी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर पेनाने लिहा, पेन्सिलने लिहिलेलं घामात पुसतं.