तुम्ही विचारलंत म्हणून: भुसावळच्या उन्हात अंटार्क्टिका कशाला?

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या गावात मुलांना ध्रुवांविषयी कशाला सांगता, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, पेन्शनच्या रांगेत आणि एकदा तर दाढी करून घेताना विचारला गेला आहे. प्रश्नात थोडी थट्टा असते, आणि ती मला मान्य आहे. रुळांच्या देखभालीत नोकरी घालवलेल्या माणसाने दर रविवारी वाचनालयाच्या गच्चीवर पंधरावीस मुले जमवून अंटार्क्टिकाच्या गोष्टी कराव्यात, याचे नवल वाटणारच. तेव्हा एकदा नीट उत्तर देतो.

सुरुवात मी चुकीचीच केली होती. कोणाकडून तरी प्रोजेक्टर आणला, पेंग्विन दाखवले, हिमनग दाखवले. मुले खूश झाली आणि पुढच्या रविवारी निम्मीदेखील आली नाहीत. त्यांचे काही चुकले, असे मला वाटत नाही. चित्र पाहून झाल्यावर त्यांनी करण्यासारखे तिथे काही उरलेच नव्हते. त्या दिवशी खरी गोष्ट घडली ती एवढीच, की सुटीत अमळनेरहून मामाकडे आलेल्या एका मुलीने निघता निघता विचारले, "आप्पा, तठे ऊन पडस का?"

मी "पडते की, पण कमी" असे म्हणून वेळ मारून नेली, आणि घरी येऊन वाचल्यावर लक्षात आले की माझे उत्तर अर्धे खोटे होते. डिसेंबरच्या उत्तरार्धात दक्षिण ध्रुवावर सूर्य मावळतच नाही. २४ तासांचा हिशेब केला, तर वातावरणाच्या माथ्यावर तिथे पोहोचणारी सूर्याची ऊर्जा त्या दिवसांत विषुववृत्तापेक्षाही जास्त भरते. तरीही तिथे थंडी असते, कारण तो सूर्य क्षितिजापासून फार तर साडेतेवीस अंश वर चढतो, जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर आहे, आणि मुख्य म्हणजे ताजे हिम पडलेल्या उन्हातला ८० टक्क्यांहून अधिक भाग जसाच्या तसा परत पाठवते. आमच्याकडे मेअखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते, हे मुलांनी पाहिलेले असते. त्यामुळे तिरप्या उन्हाची गोष्ट त्यांना लगेच पटली. उरला प्रश्न पांढऱ्या रंगाचा.

त्यासाठी आम्ही वाचनालयाच्या अर्ध्या गच्चीला चुना मारला. उन्हाळ्यात गच्चीला चुना मारणे आमच्याकडे नवे नाही, पण मुद्दाम अर्धीच रंगवायची म्हटल्यावर ग्रंथपालांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलेलो नाही. पुढच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मुलांनी चपला काढल्या. चुन्याच्या बाजूला ती गप्पा मारत उभी राहिली. कोऱ्या सिमेंटवर पाय ठेवताच एकेक जण नाचत परत पांढऱ्यावर आला. मग मी चुन्यावर बादलीभर पाणी ओतून झाडूने थोडा भाग खरवडला आणि विचारले, की पांढरे कमी होत गेले तर पुढे काय होईल? आर्क्टिक समुद्रावरचे बर्फ वितळले की खालचे काळे पाणी उघडे पडते, ते ऊन पिते, आणखी तापते आणि आणखी बर्फ वितळवते. १९७९ नंतर आर्क्टिक प्रदेश उरलेल्या जगाच्या सुमारे चौपट वेगाने तापला, त्याची अनेक कारणे आहेत आणि हे त्यांतले एक मोठे. एवढे सांगायला मला पाचच मिनिटे लागली, कारण उरलेले काम तळपायांनी करून ठेवले होते.

तापमान मोजण्याचे वेड त्यानंतर लागले. पहिला थर्मामीटर आम्ही पश्चिमेच्या भिंतीवर टांगला आणि त्याने दुपारी ५१ अंश दाखवले. वर्तमानपत्रातला आकडा आपण मागे टाकला, म्हणून मुलांनी जल्लोष केला आणि मीही त्यात सामील झालो. वास्तविक ही चूक मी तरी करायला नको होती. उन्हात लोखंड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, हे मी नोकरीभर रुळाला थर्मामीटर लावून नोंदवत आलो होतो. आम्ही भिंत मोजत होतो, हवा नव्हे. मग एका सुताराकडून झडपांच्या फटींची लाकडी पेटी करून घेतली, तिला आतून-बाहेरून पांढरा रंग दिला आणि ती जमिनीपासून छातीच्या उंचीवर, उत्तरेकडे दार ठेवून उभी केली. हवामान खात्याच्या वेधशाळांत अशीच पेटी असते. अंटार्क्टिकावरच्या आपल्या 'मैत्री' केंद्रावर हवामान विभागाची माणसे ध्रुवीय रात्रीचे, म्हणजे सूर्य उगवतच नाही असे, दोन महिने धरून वर्षभर नोंदी घेतात, हे सांगितल्यावर मुलांना त्या माणसांविषयी पेंग्विनांपेक्षा जास्त कुतूहल वाटू लागले.

आमच्या नोंदवहीत एका आठवड्यात ओळीने पाच दिवस ४३.५ आकडा आला. ज्याची पाळी होती, तो मुलगा चुलत बहिणीच्या लग्नाला धुळ्याला गेला होता आणि परतल्यावर त्याने रकाने भरून टाकले होते. बाकीच्या मुलांनीच ते पकडले. त्याला रागवायचे की नाही, यावर बराच वाद झाला. शेवटी त्यानेच ते आकडे खोडून तिथे "नोंद नाही" असे लिहिले. त्या दिवशी मी ओझोनची गोष्ट सांगितली. अंटार्क्टिकावरच्या ब्रिटिशांच्या हॅली केंद्रावर १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वर्षानुवर्षे त्याच कंटाळवाण्या रीतीने ओझोन, म्हणजे सूर्याचे घातक किरण अडवणारा उंचावरचा वायू, मोजला जात होता. १९७०च्या दशकाअखेरपासून दर ऑक्टोबरात आकडा घसरू लागला, तेव्हा फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ते जगापुढे मांडले, आणि दोनच वर्षांनी ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांना आळा घालणारा माँट्रियलचा करार झाला. मधल्या वर्षांत कोणी रकाने असे भरून टाकले असते तर ती घसरण दिसली असती का, असे लग्नाला गेलेल्या त्या मुलानेच विचारले. मी काही बोललो नाही.

मोठ्या मुलांची ओढ वेगळी असते. तिथे फक्त शास्त्रज्ञच जातात का, हे त्यांना आधी जाणून घ्यायचे असते. १९८१-८२ च्या पहिल्या भारतीय मोहिमेपासून आजपर्यंत यंत्रे आणि वाहने चालती ठेवणारे, स्वयंपाक करणारे, आजाऱ्यांवर उपचार करणारे लोक बरोबर गेले आहेत, कारण जनरेटर बंद पडला तर तिथे विज्ञानही बंद पडते. हे ऐकून आयटीआयमधला एक मुलगा डिझेल मेकॅनिकचे पुस्तक घेऊन गच्चीवर बसू लागला. तो जाईल की नाही, मला माहीत नाही.

तुमच्या गावात असे काही करायचे असेल, तर प्रोजेक्टरवर पैसे घालू नका. आमची पेटी पाहायला खुशाल या. सुताराने केलेली माप-आकृती उतरवून घेता येईल. सकाळची नोंद साडेआठला होते आणि मुले कोणासाठी थांबत नाहीत.