सराउंड स्पीकर पुढच्यांशी जुळवताना हट्ट कुठे धरायचा

होम थिएटरसाठी सगळे स्पीकर एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घ्या, हा सल्ला कुठेही मिळतो. पुढच्या तिघांसाठी, म्हणजे डावा, उजवा आणि सेंटर यांच्यासाठी, तो तंतोतंत पाळावा. पडद्यावरून गाडी डावीकडून उजवीकडे गेली आणि मध्येच तिच्या इंजिनाचा आवाज बदलला, तर कान ते लगेच पकडतो. सराउंडच्या, म्हणजे बाजूच्या आणि मागच्या स्पीकरांच्या, बाबतीत थोडी मोकळीक आहे. समोरून येणारा आणि बाजूने येणारा आवाज कानाच्या बाहेरच्या वळ्यांवर वेगवेगळ्या तऱ्हेने आपटतो, त्यामुळे वरच्या पट्टीतले, म्हणजे तीक्ष्ण सुरांतले, चढउतार बदलतात. अगदी पुढचाच स्पीकर उचलून बाजूला ठेवला तरी तो थोडा निराळा ऐकू येतो.

याचा अर्थ काहीही लावलं तरी चालतं असा नाही. ‘मागे छोटे डबे पुरतात’ ही समजूत डॉल्बी प्रो लॉजिक या जुन्या सराउंड पद्धतीच्या काळातली. तेव्हा सराउंडचा एकच मोनो चॅनेल असे आणि तोही ७ किलोहर्ट्झच्या वर कापलेला. १९९२ साली डॉल्बी डिजिटल चित्रपटगृहांत आलं, तेव्हापासून सराउंडचे चॅनेल स्वतंत्र आणि पूर्ण पट्टीचे झाले. समजूत मात्र तिथेच राहिली.

जुळायला हवा तो साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमधला पोत. माणसाच्या बोलण्याचं बरंचसं मर्म इथेच आहे. म्हणून वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या ड्रायव्हरच्या) आकारापेक्षा ट्वीटरचा (वरचे सूर वाजवणाऱ्याचा) प्रकार आणि वूफर-ट्वीटरमधला क्रॉसओव्हर, म्हणजे दोघांतली सुरांची वाटणी, आधी बघावा. पुढे हॉर्न (भोंग्यासारखा) ट्वीटर आणि मागे साधा डोम (घुमटासारखा) असेल तर रिसीव्हरचं, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राचं, रूम करेक्शनही (मायक्रोफोनने मोजून आवाज सुधारणं) फारशी मदत करत नाही. ते बसायच्या जागेवरचा आलेख सरळ करतं, पण स्पीकर आवाज किती रुंद फेकतो हे बदलू शकत नाही.

कागदावरचे आकडे बाजूला ठेवून करायची एक चाचणी आहे. रिसीव्हर बंद करून एक सराउंड पुढच्या डाव्या स्पीकरला खेटून ठेवा, दोन्ही ट्वीटर एका उंचीवर. पुढच्या उजव्याच्या वायरी काढून त्या सराउंडला जोडा. रूम करेक्शन आणि सबवूफर (फक्त सगळ्यात खालचा आवाज काढणारा स्पीकर) बंद, दोघांनाही रिसीव्हरमधला क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती रेषा, ८० हर्ट्झ. आता मोनो पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या सुरांची सलग खरखर, आळीपाळीने दोघांवर वाजवा. आधी फोनवरच्या मीटरने पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. हे टाळलं तर पुढची सगळी तुलना फुकट, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. मग ऐका: एकाचा ‘शूऽऽ’ आणि दुसऱ्याचा ‘हूऽऽ’ असेल तर पोत जुळत नाही. नंतर ओळखीच्या पुरुषी आवाजातलं साधं बोलणं लावा. माणूस एका स्पीकरवर छातीतून आणि दुसऱ्यावर नाकातून बोलत असेल, तर तो सराउंड परत करावा. वरच्या टोकाला किंचित फरक राहिला तर सोडून द्या.

आता ताकद. पुढचा स्पीकर ९० डेसिबल संवेदनशीलतेचा (१ वॅटवर एक मीटरवर मिळणारा आवाज) आणि सराउंड ८४ चा असेल, तर तेवढाच आवाज काढायला सराउंडला चौपट वॅट लागतात. रिसीव्हर चॅनेलची पातळी वाढवून हे झाकतो, पण मोठ्या स्फोटाच्या क्षणी त्या चॅनेलचा अँप्लिफायर आधी दमतो. दिलासा अंतराचा आहे. पुढचे ३ मीटरवर आणि सराउंड १.५ मीटरवर असतील तर मोकळ्या जागेत ६ डेसिबल आपोआप भरून निघतात, खोलीत त्याहून थोडे कमी. एक फसवणूक ध्यानात ठेवा: संवेदनशीलतेचा आकडा २.८३ व्होल्टवर दिलेला असेल तर ४ ओहम रोधाचा स्पीकर त्या वेळी १ नव्हे, २ वॅट खात असतो. त्यातून ३ डेसिबल वजा करूनच ८ ओहमवाल्याशी तुलना करावी.

खालची बाजू सबवूफर सांभाळतो, पण ८० हर्ट्झपर्यंत सराउंडला स्वतः उतरता आलं पाहिजे. तीन इंची ड्रायव्हरचे छोटे स्पीकर १२०-१५० हर्ट्झवरच थांबतात. तिथे क्रॉसओव्हर ठेवला की मागच्या आवाजाचा खालचा भाग सबवूफरमधून येतो, आणि इतक्या वर कानाला दिशा कळू लागते. मग मागून बोलणारा माणूस अर्धा पुढे सरकतो. पाच इंची वूफर असलेला सराउंड घेतला की ही कटकट सहसा उरत नाही.

बऱ्याचदा जुळत नाही म्हणून स्पीकरला दोष दिला जातो आणि खरा दोष भिंतीचा असतो. मागे पोर्ट (हवेचं भोक) असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला की खालची पट्टी फुगते, बोलणं जाड होतं. १५-२० सेंटीमीटर जागा सोडा किंवा पोर्टमध्ये फोमचा बोळा घाला. भिंतीवर टांगायचेच असतील तर बंद पेटीचे (पोर्ट नसलेले) निवडा. ५.१ साठी (पाच स्पीकर, एक सबवूफर) सराउंडची जागा समोरच्या मध्यरेषेपासून ११० ते १२० अंशांवर, कानाच्या जरा वर. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत) असेल तर कानाच्या उंचीच्या आसपास, आणि तिथे डायपोल (दोन बाजूंना उलट आवाज फेकणारे स्पीकर) नकोत.

वायरची लाल-काळी टोकं उलटी लागलीत का, हे बघायला दोन्ही सराउंड फूटभर अंतरावर समोरासमोर ठेवून मोनो आवाज लावा. खालची पट्टी गायब झाली तर एक उलटा आहे. रिसीव्हरच्या स्वयंचलित तपासणीने ‘फेज’ची (उलट जोडणीची) तक्रार केली म्हणून लगेच वायर बदलू नका. काही स्पीकरांत एखादा ड्रायव्हर मुद्दामच उलटा जोडलेला असतो आणि मीटर त्याला फसतो.

सराउंडची वायर लांब जाते. ८ ओहमला १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर तांबं पुरतं, ४ ओहमला २.५ घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा रोध जास्त असतो, तशी वायर घेणार असाल तर एक माप जाड घ्या.

रिसीव्हरची स्वयंचलित तपासणी (कॅलिब्रेशन) झाल्यावर सेटिंग उघडून बघा. पुढच्यांना ‘लार्ज’ लावलं असेल तर ‘स्मॉल’ करा, म्हणजे खालची पट्टी सबवूफरकडे जाईल. क्रॉसओव्हर यंत्राने सुचवल्यापेक्षा वर नेला तर चालतं, खाली आणू नये, कारण ऑडिसीसारखी रूम करेक्शनची यंत्रणा स्पीकर जिथे ढासळताना दिसतो त्याखाली दुरुस्तीच करत नाही.