डी-टेस्ट: १२ मिलिमीटर मोजूनच

घशातल्या ए गटाच्या स्ट्रेप्टोकोकसवर पेनिसिलिन आजही लागू पडतं. हातची जातायत ती एरिथ्रोमायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन. एरिथ्रोमायसिनला दाद न देणाऱ्या जंतूच्या प्लेटवर क्लिंडामायसिनच्या डिस्कभोवती (औषध भिजवलेल्या कागदी चकतीभोवती) वाढ थांबल्याचं वर्तुळ मोठं दिसलं, तरी लगेच ‘सेन्सिटिव्ह’ (औषध लागू पडतं) लिहू नका; आधी दोन्ही डिस्क शेजारी ठेवून डी-टेस्ट करा.

मेंढीचं ५ टक्के रक्त घातलेल्या म्युलर-हिंटन (जंतू वाढवायच्या अगारच्या) प्लेटवर एरिथ्रोमायसिन (१५ मायक्रोग्रॅम) आणि क्लिंडामायसिन (२ मायक्रोग्रॅम) डिस्क कडेपासून कडेपर्यंत १२ मिलिमीटरवर ठेवा. ३५ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २०-२४ तास. स्टॅफच्या (स्टॅफिलोकोकस जंतूच्या टेस्टमधल्या जास्त अंतराच्या) सवयीने डिस्क लांब पडल्या की चपटेपणा दिसतच नाही, आणि नेमकं हेच वारंवार चुकतं!

एरिथ्रोमायसिनकडची बाजू इंग्रजी ‘डी’सारखी सपाट झाली, म्हणजे एरिथ्रोमायसिनमुळे एर्म जनुक जागं झालं, जे क्लिंडामायसिनलाही निकामी ठरवतं. रिपोर्टमध्ये क्लिंडामायसिन रेझिस्टंट. वर्तुळ गोल राहिलं तर बहुधा मेफ जनुकाचा पंप. तो एरिथ्रोमायसिन जंतूच्या बाहेर फेकतो, क्लिंडामायसिनला फेकत नाही.