मी कशाला 'हो' म्हटलं?

शुक्रवार, रात्री

चार दिवस झाले, तेच डोक्यात घोळतंय. धबधब्यासमोर हे काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही, आणि मी मान डोलावून 'हो' म्हणून मोकळी झाले.

आंबोलीचा मुख्य धबधबा म्हणजे काही कष्टाचं काम नाही. सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर, घाटरस्त्याला लागूनच. गाडी लावायची आणि पायऱ्या चढायच्या. म्हणून तर सासूबाईंनाही नेता आलं. शनिवार-रविवारची जत्रा टाळून सोमवारी गेलो.

वाटेत ह्यांचा भूगोलाचा तास. घाटात कोसळणारं पाणी अरबी समुद्राला जातं आणि वर गावात उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पाठ फिरवून पूर्वेला. घटप्रभा, मग कृष्णा, थेट बंगालचा उपसागर. चिऊ खिडकीच्या काचेवर वाफेत मांजर काढत होती. मी ऐकत होते, अगदी शब्द न् शब्द. मग नेमकं तेवढंच वाक्य कसं निसटावं?

चिऊ दोन पायऱ्या वर, तिच्या रेनकोटची टोपी माझ्या मुठीत. धुकं असं की धबधब्याचा वरचा अर्धा भाग गायब, नुसता आवाज. हे जवळ आले, चष्मा काढला, शर्टाला पुसला (शर्टही ओलाच), आणि तीन-चार शब्द बोलले. शेवटी 'ना?' होतं, ओठांवरून तेवढं कळलं. मी 'हो' म्हटलं. त्यांचा चेहरा सैल झाला. तेच सलतंय. सुटल्यासारखा झाला तो चेहरा.

त्या कागदाचं असेल? तो अजून कपाटातच आहे. जाऊ दे.

घरी आल्यावर विचारलं, "अहो, तिथे काय म्हणत होता?"

"कुठे काय? भजी खाणार का विचारलं असेन."

भजी खाल्ली, हे खरं. टपरीवर दोन प्लेट कांदाभजी, चहा. चिऊचं कणीस माकडाने पळवलं, त्यावरून रडारड. पण भज्यांसाठी कुणी चष्मा पुसतं का? आणि 'असेन' म्हणजे काय?

मंगळवारी रात्री फार वाईट वाटलं. सोळा वर्षांत नळाच्या, टीव्हीच्या, कुकरच्या आवाजात मी अशी किती वेळा न ऐकताच 'हो' म्हटलंय! पुन्हा विचारायचा कंटाळा, की उत्तराची भीती, की आपल्याला विचारलं हेच पुष्कळ... डोळ्यांत पाणी आलं आणि वाहून जायला दरीही नाही, उशीच भिजली.

काल सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "धबधब्याकडे कोण बोलता? थंय नुसता बघूचा." आणि मलाच कापूस पिंजायला बसवलं. मला हसूच आलं. त्या तर वर चढल्याच नव्हत्या, टपरीतच बसल्या होत्या.

आज सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला. हे समोर पेपर घेऊन. मिक्सर चालू असतानाच मीही एक विचारून घेतलं, साध्या आवाजात, ओरडून नाही. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "हो."

काय विचारलं ते इथे लिहीत नाही. फिटंफाट.