छायायुद्ध

आज पण दोन वाजून गेले, झोप नाही. बाबा जाऊन पाच महिने झाले आणि मी रोज रात्री पडल्या पडल्या भांडतेय, कोणाशी तर 'हिने शेवटी बापाकडे बघितलं नाही' असं म्हणणाऱ्यांशी. तोंडावर कोणीच बोललं नाही. कोणीतरी आत्याला म्हणालं, आत्याने आईला सांगितलं, आईने मला. आता जाब विचारायचा कोणाला?

परवा एक जुना ग्रीक शब्द वाचनात आला, स्कियामाखिया. माखे म्हणजे लढाई, स्किया म्हणजे सावली, आणि ही स्किया अन् आपली छाया एकाच मुळातून आलेले शब्द आहेत, हे वाचून अंगावर काटाच आला. इ.स.पू. 399 ला अथेन्समध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला तेव्हा तो सत्तरीचा होता. प्लेटोने लिहिलंय त्यात तो ज्युरीला सांगतो की समोरच्या आरोप करणाऱ्यांपेक्षा मला त्या जुन्या लोकांची भीती जास्त वाटते, तुम्ही लहान होता तेव्हापासून जे तुमचे कान भरत आलेत, एखादा नाटककार सोडला तर त्यांची नावंही माहीत नाहीत, त्यांना इथे उभं करता येत नाही, म्हणून मला सावल्यांशीच लढावं लागतंय, मी प्रश्न विचारायचे आणि उत्तर द्यायला कोणीच नाही. हे मी चारदा वाचलं.

बॉक्सिंगमध्ये जोडीदाराशिवाय हवेत ठोसे मारायचा सराव करतात ना, त्यालाही ग्रीक लोक हाच शब्द वापरायचे. ऑलिंपियाला ग्लाउकोस नावाच्या बॉक्सरचा पुतळा होता, तो अशाच सावलीशी लढण्याच्या पवित्र्यात, कारण हात चालवण्यात त्याच्या काळात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. शेतकऱ्याचा पोरगा. नांगराचा फाळ निसटला तर याने हातोडा न घेता हातानेच ठोकून बसवला, ते बापाने बघितलं आणि थेट ऑलिंपियाला घेऊन गेला. तिथे पोराला अनुभव नाही, मार खाऊन खाऊन शेवटच्या लढतीत तो हार मानणार असं सगळ्यांना वाटलं, तेव्हा बाप ओरडला, पोरा, तो नांगरावरचा ठोसा! आणि पोरगा जिंकला.

इथे मला रडू आलं. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मी अडखळले की मागच्या रांगेतून बाबा हळूच 'हं, पुढे' म्हणायचे, बस एवढंच, आणि पुढचं वाक्य आठवायचं.

उद्या आत्याला फोन करणारे. नक्की कोण म्हणालं ते विचारायचंय. आईला आत्ताच नाही सांगणार.