टांगलेला कोबी

दुपारची अडीच-तीनची वेळ. चौथ्या दिवशी पावसाने जरा उघडीप दिली म्हणून चहा घेऊन मागच्या पडवीत बसले होते, तर समोर आमच्या राखी कोंबडीने तांबडीच्या शेपटीजवळचं एक पीस चोचीत अलगद धरलं, ओढलं आणि शेवई गिळावी तसं गिळून टाकलं. तांबडी हलली नाही. डोळे अर्धे मिटून उभी, जशी काय न्हाव्याच्या खुर्चीत बसलीय. मग जवळ जाऊन बघितलं तर पाठीवर पुरीएवढं टक्कल, गुलाबी, आणि एका ठिकाणी रक्ताचा ठिपका. हे काही आज सुरू झालेलं नव्हतं, मीच पावसाच्या नावाखाली चार दिवस नुसत्या लांबूनच कण्या फेकत होते.

पहिला संशय अर्थातच मास्तरणीवर. सात कोंबड्यांत दरारा तिचा. ताटलीत तिच्याआधी कुणी चोच घातली की टक्कन डोक्यात बसलीच. कुणी कुणाला टोचायचं याची वरपासून खालपर्यंत उतरंड ठरलेली असते हे श्येल्डरुप-एब्बे नावाच्या एका नॉर्वेच्या माणसाने १९२१ साली लिहून ठेवलंय, लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा म्हणे. (मी बघत बसले की आई रिकामटेकडी म्हणायची. देशादेशाचा फरक.)

पण मास्तरीण निर्दोष निघाली. दोन दिवस पाळत ठेवली, पिसाला हात, म्हणजे चोच, लावली नाही तिने. डोक्यात हाणणं हे मानापमानाचं काम, आणि पाठीवरची पिसं उपटणं हे प्रकरणच वेगळं, त्यात ना राग ना भांडण. कोंबडीला दिवसभर माती उकरायची असते, पाचोळा उलटायचा असतो, आणि ते बंद झालं की चोच दुसरीकडे कुठेतरी चालू राहते. आमच्याकडे रत्नागिरीच्या पावसात चार चार दिवस खुराड्याचं दार उघडत नाही. आणि उपटणारी कोण तर राखी, सगळ्यात गरीब, जी दाण्याला सगळ्यात शेवटी येते आणि मला बघून पण दचकते.

तशी मी पण उपटायचे. मे महिन्यात दुपारी आजी सगळ्या नातवंडांना सक्तीने झोपवायची, खिडक्या लावून, अंधार करून, आणि झोप कुणाला यायची? आजीच्या जुन्या नऊवारींची गोधडी होती, मी तिच्या कडेचा एक दोरा शोधायचे, नखात धरून ओढायचे, मग दुसरा. एका सुट्टीत वीतभर कड उसवली. आतलं जांभळं लुगडं दिसायला लागलं, मग तर जास्तच मजा, कारण त्याच्या आत हिरवं होतं. आजी शेजारीच पडलेली असायची, डोळे मिटून. तिला कळत नसेल असं मला आता वाटत नाही. बोलली कधीच नाही. दिवाळीला गेलो की कड शिवलेली असायची, पांढऱ्या दोऱ्याने.

असो. तांबडीचं सांगत होते.

शेजारच्या काकू म्हणाल्या हळद लाव खोबरेल तेलात, आणि ते त्यांच्या सासूबाईंपासूनचं असणार म्हणून लावली, पण लाल दिसलं की बाकीच्या जास्त टोचतात म्हणून वरून ते जांभळं औषध पण फासलं, आता तांबडी रंगपंचमीतून आल्यासारखी फिरतेय. अमेरिकेत तर याच्यावर कोंबड्यांचे चष्मे निघाले होते, १९०३ साली एकाने पेटंट घेतलं, चोच डोळ्यात बसू नये म्हणून. पुढे लाल काचेचे पण निघाले, म्हणजे रक्त दिसायलाच नको. हे काकूंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की मला वाईट वाटलं, चष्म्याचं नाही, मला खरंच एकदा बघायची होती चष्म्यातली मास्तरीण.

दुसरी चूक माझी खाण्याची. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, आपल्या नखासारखं, आणि मी घालत होते नुसत्या तांदळाच्या कण्या. अंगणात मोकळ्या असल्या की किडे, गांडुळं शोधून त्या आपलं आपण भागवतात, आजी तर वाळवीचं ढेकूळ आणून पिल्लांपुढे फोडायची, तेव्हाची ती झुंबड अजून आठवते. आता शेंगदाण्याची पेंड आणली आणि सुका जवळा, दोनदा धुवून, कारण जास्त मीठ त्यांना चालत नाही. वास घरभर. नवऱ्याने विचारलं आज जवळ्याचं कालवण का, म्हटलं नाही, तुमच्यासाठी वरण-भात आहे. खुराड्याच्या कोपऱ्यात चुलीची राख ओतली, त्यात लोळल्या की अंगावरच्या उवा जातात. आणि राखीला तीन दिवस डालग्याखाली झाकून ठेवलं, वेगळं.

शिवाय कोबी. चोचीला काम द्यावं म्हणून अख्खा गड्डा सुतळीने बांधून टांगला, त्यांना उडी मारून टोचावं लागेल इतक्या उंचीवर. चाळीस रुपयांचा गड्डा. सगळ्यांनी मान वाकडी करून एका डोळ्याने बघितला, मास्तरणीने लांबून एक फेरी मारली आणि निघून गेली.

काल राखीला सोडली. मला वाटलं शिक्षा झाली, धडा मिळाला, आता नीट वागेल. तिच्या डोक्यात तसं काही नसणारच. तीनच दिवस, पण बाकीच्यांनी तिला ओळख दाखवली नाही, मास्तरणीने दोनदा हाणलं, मग तिच्या खालच्यांनी, मग जिला स्वतःला सगळे टोचतात त्या पांढरीने पण. राखी भिंतीला लागून उभी राहिली, तोंड भिंतीकडे करून. मी काठी घेऊन मध्ये पडले, पण दिवसभर कोण पडणार मध्ये.

संध्याकाळी खुराडं लावायला गेले तेव्हा सगळ्या वर बांबूवर बसल्या होत्या, आणि अगदी टोकाला, जिथे पागोळीचं पाणी येतं तिथे, तांबडी आणि तिला चिकटून राखी. तांबडीच्या पाठीवर नवी पिसं येतायत, साळिंदराच्या काट्यासारखी, ती तर जास्त नाजूक, आत रक्त असतं. बॅटरी मारून बराच वेळ बघत उभी राहिले. राखीची चोच पंखात होती, स्वतःच्या.

पाऊस परत लागलाय. कोबी तसाच आहे, उद्या सोडवून भाजी करावी म्हणते.