कोशातून फुलपाखरू निघालंच नाही

श्रीगोंद्याकडे पावसाळ्यात कागदी लिंबाच्या रोपांना कोवळी पालवी फुटली की लिंबावरची फुलपाखरं आलीच. काळे पंख, त्यावर पिवळट ठिपके, मागच्या पंखाशी लाल खूण. मादी पानावर टेकते, पुढच्या पायांनी पान चाचपून बघते, पोट वाकवून एकच पिवळसर अंडं चिकटवते आणि पुढच्या रोपावर जाते. इतकी वर्षं रोपवाटिकेत काढली, तरी हे बघायला मी हातातलं काम टाकून थांबतो.

तीन-चार दिवसांत अळी निघते. पहिल्या चार अवस्था ती हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसते, पाचव्या अवस्थेत हिरवीगार होते. डिवचली की डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग काढते आणि उग्र वास सुटतो. लिंबू, बेल, कढीपत्ता हे तिचं खाणं. बावचीवरही ती वाढते, आणि ऑस्ट्रेलियात तर तिचं मुख्य खाद्य बावचीच्याच गोतातली झाडं आहेत. मोठं झाड तिला सोसतं. वीतभर रोपाचा मात्र दोन-तीन अळ्या मिळून खराटा करतात, म्हणून आमच्याकडे फवारणी ठरलेलीच असायची.

त्या ऑगस्टमध्ये साई सरबती या लिंबाच्या वाणाच्या रोपांत एक जाड अळी दिसली. काडीला रेशमाचा पट्टा बांधून कोशात जायच्या तयारीत होती. पाठीवर चिलटाएवढा काळसर किडा. दुपारी पुन्हा गेलो, तरी तो तिथेच. फुंकर मारली तर जरासा सरकला, पण उडाला नाही. मी नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी कोश झाला होता. पुतणीला फुलपाखरू दाखवायचं म्हणून काडी कापून बरणीत ठेवली, तोंडाला मलमल बांधली. एरवी आठ-दहा दिवसांत फुलपाखरू निघतं. बारा दिवस झाले. कोश तांबूस पडत चालला. पुतणी रोज शाळेतून आली की आधी बरणीपाशी जायची.

एके सकाळी बरणीची काच आतून हलताना दिसली. हिरवट-काळ्या चकचकीत गांधीलमाश्या, तांदळाच्या कणीहून बारीक. साठपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. कोशाला सुईच्या टोकाएवढं भोक. आत नुसतं टरफल.

तेव्हा तो पाठीवरचा किडा आठवला. अळीची कात पडून कोश नवा होतो, तेव्हा काही तास त्याची साल मऊ असते. तेवढ्यासाठी ती माशी दिवसभर ठाण मांडून होती. साल मऊ असतानाच टोचून आत अंडी घालायची.

पुतणी रडवेली झाली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बाहेर गडी पंप भरत होता, आणि या माश्याही त्याच औषधाने मरणार होत्या. म्हटलं, "राहू दे. आज अळ्या हाताने वेचू."

दोघांनी मिळून तीन ओळी वेचल्या. अळ्या बांधावरच्या जुन्या लिंबावर सोडल्या, कोशांना हात लावला नाही. मग पुतणीनेच बरणीची मलमल सोडली आणि बरणी रोपांच्या मधोमध आडवी ठेवली.